पक जवळ नसताना: बोस्टनच्या तिघांची लाइन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमचा तेरा वर्षांचा मुलगा टोरंटोजवळ आइस हॉकी खेळतो. तो आणि त्याचा मित्र हे संघातले सगळ्यात जास्त गोल करणारे दोघे, आणि या मोसमात प्रशिक्षकांनी दोघांना वेगवेगळ्या लाइनमध्ये टाकलं. तुम्हाला ते पटलेलं नाही. बोस्टन ब्रुइन्सने बर्जरॉन, मार्शँड आणि पास्टरनाक ही आपली तीन हुकमी माणसं वर्षानुवर्षं एकत्र खेळवली, मग या पोरांचंच काय बिघडतं, असं तुम्ही विचारलंय.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये बावीस वर्षं मुलांच्या संघांना शिकवतोय. त्या तिघांना मी टीडी गार्डनच्या, म्हणजे ब्रुइन्सच्या घरच्या रिंकच्या, वरच्या रांगांमधून पाहिलं, आणि त्याहून कितीतरी जास्त वेळ घरी लॅपटॉपवर, एकेक शिफ्ट मागेपुढे करत पाहिलं. तुमच्या प्रश्नातली ‘तीन हुकमी माणसं’ ही सुरुवातच मला खटकते. जमली तेव्हा ती लाइन दोघांची होती, आणि तिसरा माणूस सापडायला पाच-सहा वर्षं लागली.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आधी थोडं मूळचं सांगतो. एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग. तिच्या सामन्यात संघाचे बारा फॉरवर्ड असतात. तिघा-तिघांच्या चार लाइन: मधे सेंटर, दोन्ही बाजूंना विंगर. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड. पण एक लाइन सलग बर्फावर राहते ती जेमतेम चाळीस-पंचेचाळीस सेकंद. याला शिफ्ट म्हणतात. मग धापा टाकत बाकावर, आणि पुढचे तिघे खेळ चालू असतानाच बोर्डवरून, म्हणजे रिंकच्या कडेच्या बुटक्या भिंतीवरून, उडी मारून आत. म्हणजे पहिल्या लाइनला अख्ख्या सामन्यात पंचवीसेक वेळा, दर वेळी पाऊण मिनिट मिळतं. एवढ्या वेळात एकमेकांना शोधत बसायला सवड नसते. दुसरा कुठे असणार हे बघण्याआधी माहीत असावं लागतं. कबड्डीत कोपरा आणि त्याच्या शेजारचा गडी हात धरून सरकतात, एकाने पाऊल टाकलं की दुसऱ्याचं आपोआप पडतं, तसं. फरक एवढाच की इथे हात धरलेला नसतो आणि मधे तीस-चाळीस फुटांचं अंतर असतं.

आता ती माणसं. एनएचएलचे संघ दरवर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. पॅट्रिस बर्जरॉन क्वेबेकचा, २००३ च्या निवडीत ४५ वा. ब्रॅड मार्शँड हॅलिफॅक्सचा, उंची पाच फूट नऊ इंच, २००६ मध्ये तिसऱ्या फेरीत ७१ वा. डेव्हिड पास्टरनाक चेक प्रजासत्ताकातल्या हावीर्झोवचा, २०१४ मध्ये २५ वा. तिघांपैकी एकही पहिल्या वीसात निवडला गेला नव्हता, हे मी माझ्या संघातल्या पालकांना दरवर्षी सांगतो.

बर्जरॉन आणि मार्शँडची जोडी २०१०-११ च्या मोसमात जमली. त्यांच्या उजव्या बाजूला तेव्हा मार्क रेकी होता, वय त्रेचाळीस. १५ जून २०११ ला व्हँकुव्हरमध्ये स्टॅन्ले कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीचा सातवा सामना ब्रुइन्सने ४-० असा जिंकला, त्यात दोन गोल बर्जरॉनचे आणि दोन मार्शँडचे. रेकी तिथेच निवृत्त झाला. मग टायलर सेगिन आला, तो २०१३ मध्ये डॅलसला गेला. मग राइली स्मिथ आला, त्यानंतर आणखी काही. कोणी एक मोसम टिकला, कोणी दोन, पण जोडी तीच राहिली. २०१६ च्या वर्ल्ड कपमध्ये कॅनडाने या दोघांना सिडनी क्रॉसबीबरोबर खेळवलं. क्रॉसबी सेंटर, म्हणून बर्जरॉन मुकाट्याने विंगवर गेला. अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात युरोप १-० ने पुढे होता. शेवटच्या तीन मिनिटांत बर्जरॉनने बरोबरी साधली, आणि एक खेळाडू कमी असताना, घड्याळात ४३ सेकंद उरलेले असताना, मार्शँडने विजयी गोल केला. जगातला सर्वोत्तम सेंटर तिसरा म्हणून मधे बसवला तरी जोडीची वीण उसवली नाही, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं.

पास्टरनाक त्यांच्या उजवीकडे आला तो २०१६-१७ मध्ये, आणि ब्रूस कॅसिडी प्रशिक्षक झाल्यावर तिथे पक्का झाला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पुढे २०१८-१९ मध्ये मार्शँडचे शंभर गुण झाले. बर्जरॉनने ६५ सामन्यांत ७९ आणि पास्टरनाकने ६६ सामन्यांत ८१ गुण केले. (गोल आणि असिस्ट, दोन्हींना एकेक गुण.) त्याच्या आदल्या वसंतात, प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये) टोरंटोविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात तिघांनी मिळून एका रात्रीत चौदा गुण केले होते: पास्टरनाकचे तीन गोल आणि तीन असिस्ट, बाकी दोघांचे चार-चार असिस्ट. बोस्टनमध्ये त्यांना ‘परफेक्शन लाइन’ म्हणायला लागले.

हे झाले आकडे. आता एक शिफ्ट जवळून बघू. त्यांच्या खेळात शेकडो वेळा दिसलेला साचा सांगतोय.

पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, आपल्याच टोकाला आहे, आपल्या गोलरक्षकाच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात. समोरच्या संघाचे दोघे आणि आपला एक डिफेन्समन बोर्डला चिकटून झोंबताहेत. आपला दुसरा डिफेन्समन जाळीसमोर. त्या झोंबाझोंबीपासून एका स्टिकच्या अंतरावर, आपल्या गोलच्या बाजूने, बर्जरॉन उभा. गुडघे वाकलेले, स्टिकचं पातं बर्फावर टेकलेलं आणि नेमकं त्या जागी, जिथून पक मधे निसटू शकतो. दर दोन सेकंदांनी तो मान वळवून खांद्यावरून मागे बघतो. टीव्हीवर कॅमेरा पकच्या मागे असतो म्हणून हे सहसा दिसत नाही. ती मान वळवणं मी एकदा एका पिरियडभर मोजायला बसलो आणि मोजणं सोडून नुसता बघत राहिलो. मागे कोण मोकळं आहे, आपला विंगर किती खाली आलाय, हे त्याला पक हाती येण्याआधीच ठाऊक असतं.

पक सुटतो. बर्जरॉन तो बॅकहँडवर घेतो आणि बोर्डच्या दिशेने अर्धा वळतो. त्याचा खांदा वळला त्याच क्षणी मार्शँड वरून खाली घसरलेला असतो, पाठ बोर्डला लावून. मार्शँड डावरा आणि डाव्या विंगवर, म्हणजे बोर्डलगतचा पास त्याच्या फोरहँडवर येतो. आठ-दहा फुटांचा पास, त्यात दिखाऊ काही नाही. तोपर्यंत पलीकडून पास्टरनाक तिरका मधे कापत निघालेला. मार्शँडचा पास त्याच्या पुढच्या मोकळ्या बर्फावर पडतो, आणि पाच सेकंदांत पक आपल्या ब्लू लाइनच्या, म्हणजे आपलं टोक जिथे संपतं त्या निळ्या रेषेच्या, बाहेर.

आता समोरच्या टोकाला. मार्शँड पक घेऊन ब्लू लाइन ओलांडतो आणि बहुतेक विंगर जे करतात ते करत नाही, म्हणजे सरळ जाळीकडे धाव घेत नाही. तो वळसा घेऊन थबकतो. पास्टरनाक जाळीकडे घुसतो आणि एक डिफेन्समन सोबत ओढून नेतो. त्यामुळे जी पोकळी होते तिच्यात मागून बर्जरॉन येतो, सगळ्यात शेवटी. पास, फटका.

गोल झाला तर सगळे तो फटका बघतात. गोल नाही झाला, पक समोरच्याच्या हाती लागला, तर बर्जरॉन कुठे आहे बघा. तो पक आणि आपला गोल यांच्या मधेच आहे. सगळ्यात शेवटी आल्यामुळे परतायलाही सगळ्यात पुढे. मार्शँडने पक गमावला असेल तर तो चिडून काठी आपटत नाही. तीन लांब ढांगा, समोरच्याच्या मागून काठी खालून उचलणं, आणि पक परत त्याच्याकडे. ही चोरी त्याच्यासारखी करणारे मी फार थोडे पाहिलेत.

त्या लाइनचं मर्म मला इथे दिसतं. तिघांपैकी कोणीतरी एक नेहमी पकच्या वर, आपल्या गोलच्या बाजूला असायचा. बहुधा बर्जरॉन, पण तोच असं नाही. तो कोपऱ्यात अडकला की मार्शँड आपसूक वर सरकायचा. बर्जरॉनला सर्वोत्तम बचाव करणाऱ्या फॉरवर्डची सेल्की ट्रॉफी सहा वेळा मिळाली, हा विक्रम आहे. लोक म्हणतात, पहा, गोल करणाऱ्या लाइनमध्ये बचाव करणाराही होता. मी उलट म्हणेन: तो बचाव होता म्हणून गोल झाले. ज्या लाइनला आपल्या टोकात पंधरा सेकंद कमी घालवावे लागतात तिला समोरच्या टोकाला तेवढे पंधरा सेकंद जास्त मिळतात, आणि पंचेचाळीस सेकंदांच्या शिफ्टमध्ये पंधरा सेकंद ही फार मोठी कमाई आहे. फेसऑफचंही तेच, म्हणजे पंच दोन सेंटरच्या मधे पक टाकून खेळ सुरू करतो त्याचं. बर्जरॉन दहातले जवळजवळ सहा फेसऑफ जिंकायचा. प्रत्येक जिंकलेला फेसऑफ म्हणजे पकच्या मागे धावणं वाचलं.

पास्टरनाकला याचा काय फायदा झाला? त्याला धाडस करायची मोकळीक मिळाली. मधल्या पट्ट्यात दोघांमधून पक काढण्याचा प्रयत्न तो करायचा, आणि दहातून चार वेळा फसला तरी मागे बर्जरॉन होता. दुसऱ्या एखाद्या लाइनमध्ये तेच चार वेळा फसणं गोल खाऊन गेलं असतं, आणि प्रशिक्षकाने विशीतल्या पोराला बाकावर बसवलं असतं. २०१९-२० मध्ये त्याने ४८ गोल केले आणि वॉशिंग्टनच्या ओव्हेच्किनच्या बरोबरीने सर्वाधिक गोलांची रॉकेट रिशार ट्रॉफी घेतली. कोविडमुळे तो मोसम सत्तर सामन्यांतच थांबला होता.

कोणाचा हात कोणता, हे पालक कधीच विचारत नाहीत आणि प्रशिक्षक सगळ्यात आधी बघतात. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असताना, मार्शँड उजव्या बोर्डकडे जायचा. तो डावरा. बर्जरॉन मधोमध, चौघा बचावपटूंच्या चौकोनाच्या पोटात. पास्टरनाक डाव्या वर्तुळात. हे दोघे उजव्या हाताचे, आणि उजव्या हाताचा खेळाडू डावा खांदा जाळीकडे करून उभा राहिला की त्याचं तोंड आपोआप उजव्या बोर्डकडे होतं. म्हणजे दोघेही मार्शँडकडे तोंड करून, काठी मागे घेऊन, न थांबवता फटका मारायला तयार. पक मार्शँडकडे आला की समोरच्यांची पंचाईत. आत सरकून बर्जरॉनला झाकलं तर पलीकडे पास्टरनाकला जाणारी वाट उघडते, ती वाट अडवली तर बर्जरॉन मोकळा. ब्लू लाइनजवळ डिफेन्समन टोरी क्रुग होताच. २०१९ च्या अंतिम फेरीत तिसऱ्या सामन्यात सेंट लुईस ब्लूजविरुद्ध ब्रुइन्सनी चार पॉवर प्लेमध्ये चार गोल केले, आणि तेही अवघ्या चार फटक्यांत.

पण त्याच अंतिम फेरीत या लाइनची मर्यादाही दिसली, आणि तुमच्या मुलाच्या प्रशिक्षकांचा निर्णय समजायला ती जास्त कामाची आहे. पाच-विरुद्ध-पाच खेळताना सेंट लुईसने पॅरेको आणि बाउमिस्टर ही उंचापुरी, लांब हातांची बचावजोडी या तिघांवर सोडली, आणि तिघे जखडले गेले. ब्रुइन्सच्या मागच्या लाइनकडून भरपाई पुरेशी झाली नाही. १२ जून २०१९, सातवा सामना, बोस्टनमध्येच. पहिल्या पिरियडमध्ये ब्रुइन्सचे बारा फटके, ब्लूजचे चार. तरी ब्लूज १-० ने पुढे. पिरियड संपायला काही सेकंद उरलेत. पक ब्लूजकडे, ते आत येताहेत, आणि मार्शँड पाठ फिरवून बाकाकडे निघतो, शिफ्ट बदलायला. त्याने सोडलेल्या जागेतून ब्लूजचा डिफेन्समन पिएट्रँजेलो आत आला आणि ७.९ सेकंद शिल्लक असताना गोल. २-० झाले, आणि सामना ४-१ ने गेला.

तो क्षण मी मुलांना दाखवतो, पण मार्शँडला दोष द्यायला नाही. सामने जिंकून देणारा, पक गमावल्यावर तीन ढांगांत परतणारा माणूस, आणि एकदाच, पाय जड झालेले असताना, पाठ फिरवली. एक माणूस कमी झाला की उरलेल्या दोघांची समज कितीही पक्की असो, ती उपयोगी पडत नाही.

पैशाचीही एक बाजू आहे. एनएचएलमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. २०१९-२० मध्ये ती ८.१५ कोटी डॉलर होती. या तिघांचे पगार मिळून दोन कोटींच्या आतच होते: बर्जरॉन ६८ लाख ७५ हजार, पास्टरनाक सुमारे ६६ लाख ६७ हजार, मार्शँड ६१ लाख २५ हजार. त्या दर्जाच्या तिघांना त्या किमतीत एकत्र ठेवणं बहुतेक संघांना जमत नाही. तिघांनीही कमी घेऊन सही केली म्हणून ती लाइन इतकी वर्षं टिकली.

पुढे ती मोडली, आणि मोडल्यावर काय झालं तेही बघा. २०२२ च्या जानेवारीत कॅसिडीने पास्टरनाकला काढून दुसऱ्या लाइनवर टेलर हॉलबरोबर दिलं, म्हणजे समोरच्याला एकाऐवजी दोन लाइनची धास्ती. २०२२-२३ मध्ये नवीन प्रशिक्षकांच्या हाताखालीही पास्टरनाक बहुतेक वेळ वेगळा, क्रेची आणि झाखा या आपल्या चेक देशबांधवांबरोबर. त्याने ६१ गोल केले. संघाने ८२ पैकी ६५ सामने जिंकले आणि गुणतक्त्यात १३५ गुण मिळवले, दोन्ही एनएचएलचे विक्रम. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत फ्लोरिडाकडून ते हरले हे खरं, आणि ते दुःख बोस्टनमध्ये अजून आहे. पण तिघांना वेगळं करणं ही चूक नव्हती. बर्जरॉन त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाला. मार्शँड २०२५ च्या मार्चमध्ये फ्लोरिडाला गेला आणि जूनमध्ये तिकडे कप उचलला.

आता तुमच्या मुलाकडे येतो, पण आधी माझी एक चूक. काही वर्षांपूर्वी चौदा वर्षांखालच्या संघात मी तेच केलं जे तुम्हाला हवंय. सगळ्यात जास्त गोल करणारे तिघे एका लाइनवर टाकले. पहिले चार सामने त्यांनी धुमाकूळ घातला. पालक खूश, मीही खूश. पाचव्या सामन्यात चांगला संघ समोर आला आणि आम्ही पाच गोल खाल्ले. त्यातले चार या तिघांच्या शिफ्टमध्ये. रात्री चित्रफीत लावली. चारही गोलांच्या आधी एकच चित्र होतं: समोरच्या कोपऱ्यात पक आणि आमचे तिघेही गोलरेषेच्या खाली, पकवर तुटून पडलेले. मधे बर्फ रिकामा. प्रत्येकाला वाटत होतं की मागे दुसरा कोणीतरी असेल.

त्यातल्या एकाला मी दुसऱ्या लाइनवर हलवलं आणि त्याच्या जागी एक मुलगा आणला ज्याने तोपर्यंत दोनच गोल केले होते. अबोल पोरगा. पण कोपऱ्यात पक गेला की तो वर थांबायचा, कोणी न सांगता. उरलेल्या दोघांचे गोल वाढले. सरावात मी तेव्हापासून एक गोष्ट करून घेतो: तीन-विरुद्ध-तीन खेळ चालू असताना मधेच शिट्टी मारायची, सगळ्यांनी ब्रेक मारून जागच्या जागी थांबायचं, आणि मग तिघांनी मोठ्याने सांगायचं की पक आणि आपला गोल यांच्या मधे आपला कोण आहे. पहिले दोन आठवडे उत्तर बहुतेक वेळा ‘कोणीच नाही’ असं येतं. तिसऱ्या आठवड्यापासून मुलं शिट्टीच्या आधीच मान वळवायला लागतात.

तुमच्या मुलाच्या प्रशिक्षकांना मी ओळखत नाही, त्यामुळे त्यांच्या मनात काय आहे ते मला सांगता येणार नाही. पण दोन गोल करणारे वेगळे केले यात मला वावगं दिसत नाही. दोघेही फटका मारणारे असतील, दोघांनाही तीच मधली जागा हवी असेल, तर एकत्र ठेवून ते एकमेकांचा बर्फ खातात. त्यांना जाऊन ‘वेगळं का केलं’ असं विचारू नका. ‘याच्या लाइनमध्ये वर कोण थांबतं?’ असं विचारा. चांगला प्रशिक्षक या प्रश्नावर अर्धा तास बोलेल.

आणि येत्या सामन्यात एक करा. खालच्या काचेजवळ बसू नका, वरच्या कोपऱ्यात बसा, जिथून अख्खा रिंक दिसतो. पक बघायचाच नाही. मुलाच्या लाइनचा सेंटर बघायचा, सलग दहा शिफ्ट. पक हरवला तेव्हा तो कुठे होता, एवढंच कागदावर लिहायचं: वर, किंवा खाली. मग दुसऱ्या पिरियडमध्ये तेच मुलासाठी करा. दोन्ही कागद मला पाठवा, आणि तिघांपैकी डावरे किती, तेही कळवा.